चार नंबरचा उजेड

फोटो काढायच्या आधी मामा स्वतःचा डावा तळहात समोर धरायचे. कॅमेरा गळ्यात, हात पुढं, आणि तळहात असा हळूहळू फिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं, माणूस भर मांडवात स्वतःचं भविष्य बघतोय. उजेड कुठून पडतोय, बोटांच्या मध्ये सावली कशी बसतेय, हे बघून मगच कॅमेरा डोळ्याला लावायचे. दुसऱ्यानं काढलेला फोटो हातात दिला तरी चेहरा नंतर, कपडे नंतर. पहिला प्रश्न ठरलेला.

"उजेड कुणाचा?"

खिडकीचा, उन्हाचा की फ्लॅशचा, एवढंच त्यांना विचारायचं असायचं.

सगळं कळंब त्यांना मामा म्हणायचं. बाजारपेठेत त्यांचा स्टुडिओ, आणि समोरच्या अंगाला, चार दुकानं सोडून, माझा. मी त्यांचा शिष्य नव्हतो, भाचा नव्हतो, मित्र तर नव्हतोच. मी त्यांचा वैरी होतो. अडचण एवढीच, की हे त्यांना बरेच दिवस माहीत नव्हतं.

वैराचं कारण येरमाळ्याच्या एका लग्नात घडलं. आमच्याकडं लग्नाला फोटोवाले दोन असतात, एक नवरीकडचा आणि एक नवरदेवाकडचा. तुम्ही कधी जेवणाच्या पंगतीवरून नजर काढून त्या दोघांकडं बघितलंय का? व्याही एकमेकांना मिठ्या मारत असतात आणि हे दोघं कोपरानं एकमेकांना ढकलत असतात. कारण अंतरपाट एकदाच खाली येतो, आणि त्या क्षणाला समोरची जागा एकच असते.

त्या काळी माझा फ्लॅश वायरीवर चालायचा. कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावला तर चेहरा थापलेल्या भाकरीसारखा सपाट येतो, म्हणून तो लांब स्टँडवर, पांढऱ्या छत्रीखाली उभा करायचा. मग आपण बटण दाबलं हे त्याला कळवायला मध्ये वायर हवी, नाहीतर बिनवायरीचा ट्रिगर हवा. ट्रिगर म्हणजे दोन डब्या, एक कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशखाली. मामांकडं तो आलेला होता. माझ्याकडं वायर होती. चांगली बारा हात लांब.

मंगलाष्टकं रंगात आली होती. नवरदेवाची बहीण करवलीच्या थाटात पुढं निघाली, तिचा पाय वायरीत गुंतला, ती बिचारी सावरली, पण माझा स्टँड छत्रीसकट भटजींच्या डोक्यावर आला. भटजी छत्रीत. मंगलाष्टक 'सावधान'च्या अलीकडंच थांबलं. तेवढ्यात मामा शांतपणे बोलले,

"आधी ह्या फोटोवाल्याला बांधून ठिवा. वायर काय, मागून बांधता यील."

भटजींच्या हातातला माईक चालू होता. हे वाक्य मांडवात, मांडवाबाहेर आचाऱ्यांपर्यंत आणि हायवेवरच्या हॉटेलांपर्यंत गेलं. त्या दिवसापासून माझं नाव वायर पडलं. फोटो काढून घ्यायला आलेली माणसं दारातून विचारायची, "वायर हायेत का?" माझ्या बायकोला भाजीवाली वायरची वहिनी म्हणायला लागली. घरी ती त्याचा राग कुणावर काढायची ते तुम्ही ओळखलंच असेल.

सहा महिने मी हे उगाळत बसलो आणि मग सोलापूरला ट्रिगर आणायला गेलो.

दुकानदार भला माणूस होता. किती लांबून चालवायचाय, सेलवर की चार्जिंगवर, फ्लॅशचा जोर कॅमेऱ्यावरूनच कमीजास्त करायचाय का, असं सगळं त्यानं विचारलं. मी म्हणालो, ते राहू द्या, कळंबचे मामा कुठला वापरतात? त्यानं खोक्यांच्या तळातून एक जुन्या धाटणीची जोडी काढली. डबीवर एक बारकं चक्र, त्यावर एक ते सोळा नंबर, आणि शेजारी दाबायचं बटण. दोन्ही डब्यांवर एकच नंबर लावला की त्यांची गाठ पडते. पण तो मला नव्या जातीचा घ्या म्हणून आग्रह करत होता. ह्या जुन्यात एक खोट आहे, म्हणाला. शेजारच्यानं तोच नंबर लावला तर त्याच्या बटणावर तुमचा फ्लॅश उडतो. नव्यात तसं होत नाही.

ती खोट ऐकून मला जे समाधान झालं ते तुम्हाला कसं सांगू? माणसं वस्तूचा गुण बघून पैसे मोजतात. मी खोट बघून मोजले.

आता मामांचा नंबर हवा होता. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी त्यांच्या स्टुडिओसमोरच्या पानटपरीवर उभा राहिलो. एक हात खिशात, डबीवर. एक नंबर लावून दाबलं, काही नाही. दोन, काही नाही. तीनला पानवाल्यानं विचारलं, खिशात काय खाजतंय? चारला मामांच्या काचेमागं लख्ख वीज चमकली. आत पासपोर्ट फोटोला बसलेलं गिऱ्हाईक डोळे चोळत बाहेर आलं. मी पान न खाताच निघालो.

मग आलं ते लग्न. कळंबातलंच कार्यालय. नवरी एका एसटी ड्रायव्हरची एकुलती एक मुलगी, तिच्याकडून मामा. नवरदेवाकडून मी. माझा स्वतःचा फ्लॅश मी एक नंबरवर लावला होता. बेत साधा होता. हळदीत थोडी गंमत करायची, आणि अंतरपाट खाली यायच्या जरा आधी चार नंबरवर दाबून मामांचा फ्लॅश रिकामा करायचा. एकदा उडाला की फ्लॅशला पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात लग्न लागलेलं असतं. मामांचा फोटो काळा, माझा उजळ, आणि वायर हे नाव कायमचं मातीत.

हळदीत मामा चहा पीत होते. मी खिशात दाबलं. त्यांचा फ्लॅश आपोआप उडाला. त्यांनी वळून बघितलं. जवळ जाऊन वाकले तेव्हा मी पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी एक म्हातारी म्हणाली, "मामा, तुमच्या फ्लॅशच्या अंगात आलंय. लिंबू उतरवा." सगळ्या बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मामांनी सेल बदलले, तळहात धरून उजेड बघितला, आणि माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. माणूस किती भोळा असतो, असं मला वाटलं.

मुहूर्ताला गर्दी उसळली. मी डबी कॅमेऱ्यावर चढवली, कोपरं चालवून पुढं घुसलो. आता चारवर एकदा डबीचं बटण दाबायचं आणि चक्र फिरवून माझ्या एक नंबरवर आणायचं, असं मनात घोकत होतो. पण वाजंत्री जोरात सुरू झाली, भटजींनी घाई केली, अंतरपाट सटकन खाली आला आणि माझं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर पडलं. लख्ख उजेड झाला. पाठोपाठ मामांच्या कॅमेऱ्याचा आवाज आला, नुसताच आवाज. त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवर बघितलं आणि मान खाली घातली. तेवढं बघून मी तृप्त झालो.

माझा फोटो तर असा आला होता की मी स्वतःच्या प्रेमात पडलो. उजेड तिरपा, नवरीच्या गालावरून उतरलेला. अक्षता हवेत लोंबकळलेल्या, एकेक दाणा मोजून घ्यावा. आणि मागं तिचा बाप, हात वर गेलेला, तोंड उघडं, डोळे भरलेले. तो मोठा करून काचेत लावला. माणसं थांबायला लागली. कुणीतरी मला 'साहेब' म्हणालं. चहाच्या टपरीवर कळलं, की मामांनी नवरीच्या बापाला तोंडावर सांगून टाकलंय, 'लग्न लागतानाचा फोटो माझ्याकडून हुकला.' फ्लॅश बिघडला, असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. बाप तसाच ड्युटीवर गेला म्हणे. ते ऐकून मी भज्यांची आणखी एक प्लेट मागवली.

आठव्या दिवशी मामा माझ्या दुकानात आले. ह्याच घटकेसाठी मी जगत होतो. खुर्ची पुढं सरकवली, चहा सांगतो म्हणालो. ते बसले नाहीत. फोटोसमोर उभे राहिले. सवयीनं तळहात वर गेला, जणू त्या कागदातनंच उजेड हातावर पडणार होता.

"उजेड कुणाचा?"

"फ्लॅशचा. माझ्या."

"तू स्टँड कुठं लावला होतास?"

"उजवीकडं."

त्यांनी नवरीच्या नाकापाशी बोट ठेवलं. नाकाची सावली उजवीकडं पडली होती. म्हणजे उजेड डावीकडून आलेला. डावीकडं मामांचा स्टँड होता. आठ दिवस मी त्या फोटोकडं बघत होतो आणि सावली मला दिसली नव्हती. चक्र मी फिरवलंच नव्हतं. माझा फ्लॅश त्या क्षणी उडालाच नव्हता.

"किती नंबर?" मामांनी विचारलं.

"चार," मी म्हणालो, आणि मग जीभ चावली.

मामांनी मान हलवली. "मला हळदीतच कळलं होतं."

"मग नंबर बदलायचा न्हाय का?"

"म्हणलं, हळदीत खेळू द्या. अक्षदा पडायच्या टायमाला तरी हात आवरंल."

मी चहाच्या पोऱ्याला हाक मारायची म्हणून दाराकडं तोंड केलं. 

"ह्याची एक कॉपी काढ," ते म्हणाले. "नवरीच्या बापाला दे. तुझ्या नावानं दे." आणि गेले.

बापानं तो फोटो दोन्ही हातांनी घेतला आणि माझे आभार मानले. तेवढी एक शिक्षा पुरली असती. पण मामांचा हिशेब वेगळा होता. ते कुणाला काही बोलले नाहीत. मी रोज वाट बघायचो, आज गावभर होणार. झालं नाही. फोटो मी मामा येऊन गेले त्याच संध्याकाळी काचेतून काढला आणि आत, माझ्या खुर्चीसमोर टांगला.

पुढचं लग्न तुळजापूरला होतं. मामांनी स्टँड उभा केला, तळहात बघितला, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं मला ओरडून सांगितलं,

"मी सात नंबरवर हाय बरं का."

त्यानंतर एकही लग्न त्यांनी सोडलं नाही. आज मी नऊवर हाय. आज मी बाराला. ऐकणारे म्हणायचे, मामा किती सांभाळून घेतात ह्याला. बायको म्हणायची, शिका काहीतरी त्यांच्याकडून. आणि मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला वांग्यासारखा भाजत उभा. सोळापैकी पंधरा नंबर त्यांनी फिरून फिरून वापरले. चार कधीच घेतला नाही. एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा सहज म्हणाले, "त्यो ह्याचा हाय." मग मला चार लावणं भाग पडलं. सोलापूरला जाऊन नव्या जातीचा ट्रिगर आणला असता तर सुटलो असतो. दोनदा बसस्टँडपर्यंत गेलो, परत आलो. का, ते विचारू नका.

मामा गेले त्याला आता दुसरं वर्ष. त्यांच्या स्टुडिओत मोबाईलची कव्हरं मिळतात. मी अजून चार नंबरवरच आहे.

परवा येरमाळ्याला लग्न होतं. नवरीकडचा फोटोवाला बार्शीचा कुणीतरी, ओळख ना पाळख. मी स्टँड लावला, आणि का कोण जाणे, तसाच थांबलो. कुणीतरी नंबर सांगेल म्हणून. वाजंत्री लागली. कुणी काही सांगितलं नाही. तेव्हा मीच मांडवाच्या ह्या टोकावरून ओरडलो, "मी चार नंबरवर हाय बरं का."

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, गालात हसला, खिशातून डबी काढली आणि तिच्यावरचं चक्र अंगठ्यानं फिरवलं. डबी त्याचीही तीच, जुन्या जातीची. चारवर आणलं की चारवरून काढलं, ते एवढ्या लांबून मला दिसलं नाही.

अंतरपाट धरला गेला. सगळ्यांच्या मुठीत अक्षता आल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावायचा सोडून, डावा तळहात समोर धरून, माझ्या फ्लॅशकडं बघत उभा राहिलो.