मनगटाचं माप

बारीक पेचकस घ्यायचा असेल तर पहिली गोष्ट, दुकानदाराचं ऐकू नये. तो अख्खा संच पुढे सरकवतो. चकचकीत डबी, आत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेले, अन् वरून म्हणतो, घेऊन टाका बाई, जन्मभर पुरतील. जन्मभर! इतवारीच्या बाजारात मिळणाऱ्या त्या संचातले अर्धे पेचकस पहिल्याच घट्ट पेचाला तोंड वाकडं करतात. मी संच घेत नाही. एकेक उचलते, टोक बोथट आहे का नखावर ओढून पाहते. मग पिशवीतून एक जुनी स्टीलची चेन काढते, तिच्या कडीतल्या पेचाच्या खाचेत टोक बसवते अन् हात सोडते. पेचकस उभा राहिला तर माझा, कलंडला तर त्याचा. दुकानदार चिडतात. चिडोत बापडे.

टोक खाचेपेक्षा बारीक असलं तर ते खाचेला मधोमध खातं, अन् एकदा खाच खाल्ली की ब्रह्मदेव आला तरी तो पेच निघत नाही. टोक रुंद असलं तर शेजारच्या कडीवर ओरखडा पडतो, अन् गिऱ्हाईक घड्याळ पाहत नसतं, ओरखडा पाहत असतं. हे मला बाबांनी शिकवलं. नागपूरच्या महाल भागात त्यांचा घड्याळ दुरुस्तीचा गाळा होता, दोघं बसले तर तिसऱ्यानं उभंच राहावं एवढा. आता तिथे मी बसते. बाई घड्याळं उघडते म्हणून सुरुवातीला लोक मुद्दाम थांबून पाहायचे. मीही त्यांच्याकडे पाहायची, मग जायचे.

आई लवकर गेली. बाबांनी आम्हा तिघी बहिणींना आत्याच्या मदतीनं वाढवलं. मी थोरली. बाबांच्या ज्या डोळ्याला भिंग लागायचं त्याच डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तेव्हापासून बारीक काम ते संध्याकाळी घरी आणू लागले अन् मी करू लागले. गिऱ्हाइकाला अर्थातच सांगायचं नाही. त्या काळी बहुतेक चेनना पिना असत, ठोकून काढायच्या अन् ठोकून बसवायच्या. पेचांची चेन एखादीच यायची, फॉरेनची. ती आली की बाबा खुशीत यायचे. कड्या काढता काढता ते मला धंद्यातल्या गोष्टी सांगायचे. त्यातली एक अशी, की चेनमध्ये कडी वाढवायला जो येतो त्याच्याशी दोन शब्द बोलावे, त्याचं बरं चाललेलं असतं. जो कडी कमी करायला येतो त्याला काही विचारू नये. आमच्या ओळखीचे एक पोस्टमास्तर वर्षभरात तीनदा कडी काढायला आले, चौथ्यांदा त्यांचा मुलगा आला, घड्याळ विकायला.

मला पाहायला कामठीहून लोक आले तेव्हा मी वीस वर्षांची होते. मुलगा तिकडे लूमच्या कारखान्यात हिशेब लिहायचा. कांदेपोहे झाले, अन् मुलाच्या आईनं विचारलं, पोरीला काय काय येतं? आत्यानं मला पढवून ठेवलं होतं, पण माझी जीभ कुठे ऐकते. म्हटलं, स्वयंपाक येतो, शिवण येतं, अन् घड्याळाची चेन कमी-जास्त करता येते. मोठी माणसं हसली. आत्यानं पाठीला असा चिमटा काढला की दोन दिवस हिरवा डाग होता. मुलगा तोवर खाली सतरंजीकडे पाहत होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला तो आवडला, खोटं काहून बोलू?

दिवाळीनंतर साक्षगंध झालं. आमच्याकडे जावयाला घड्याळ देणं हा रिवाजच होता, अन् घड्याळवाल्याच्या घरचं घड्याळ म्हटल्यावर ते तसंच हवं. बाबांनी एका गिऱ्हाइकाकडून पेचांची चेन मिळवली अन् नव्या घड्याळाला लावली. अंगठीसाठी बोटाचं माप घेतात तसं आत्यानं मुलाच्या मनगटाभोवती दोरा गुंडाळून माप आणलं. त्या मापानं चेन मीच बसवली, एक करंगळी जाईल एवढी ढील ठेवून. दोरा मी फेकला नाही. बाबांच्या पेचकसांच्या डबीत ठेवला. वेडीच होते मी, दिवसातून एकदा तरी तो दोरा माझ्या मनगटाला गुंडाळून पाहायची. माझ्या मनगटाला तो वेढा घालून वर दोन बोटं उरायचा.

लग्न वैशाखात. नागपूरचा वैशाख, सकाळी नऊलाच मांडवाखालची जमीन तापलेली. वऱ्हाड आलं, शेजारच्या शाळेत त्यांचा जानोसा दिला होता. बाबांनी तिथे जाऊन नवरदेवाला घड्याळ घातलं अन् ते हसत परत आले. तासाभरानं आत्या आली, ती मात्र कपाळाला हात लावून. नवरदेव रुसला म्हणे! चेन ढिली आहे, ठीक करून द्या, नाहीतर मांडवात यायचा नाही म्हणतो. बाया हसायला लागल्या. नवरदेवानं रुसावं, पोरीवाल्यांनी समजूत काढावी, हेही रिवाजातलंच. कोणी सायकलसाठी रुसतो, कोणी रेडिओसाठी, हा चेनसाठी रुसला. आत्या म्हणाली, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. नकटी म्हणजे मी.

तिनं घड्याळ माझ्यासमोर ठेवलं, सोबत पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा. हे माप नवरदेवानं स्वतःच काढून दिलं, म्हणाला, हा दोरा पोरीच्याच हातात द्या, तिला कळेल कसं बसवायचं ते. बाया आणखी हसल्या, काय बाई आतापासून, वगैरे.

मी डबी उघडली. जुना दोरा काढला, नवा त्याच्या शेजारी पाटावर ताणून धरला. नवा दोन कड्यांनी लहान होता. दोन कड्यांनी! मी पुन्हा ताणला. दोऱ्याला पीळ पडला असेल म्हणून ओला करून ताणला. तेवढाच. गाल उन्हानं उतरतात, पोट उपाशी राहून उतरतं. मनगटावर मुळात असतंच काय उतरायला? सहा महिन्यांत ज्याचं मनगट दोन कड्या उतरतं त्या माणसाला काय झालेलं असतं, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. मी पोस्टमास्तरांची चेन माझ्या हातानं केली होती. 

मी आत्याला म्हटलं, बाबांना पाठव. बाकीच्यांना बाहेर काढ.

बाबा आले. डोक्याला फेटा, घामानं चिंब. मी दोन्ही दोरे त्यांच्या हातात दिले अन् म्हटलं, "बाबा, हा माणूस आजारी आहे."

त्यांनी दोरे खिडकीपाशी नेले, चांगल्या डोळ्यासमोर धरले. मोतीबिंदूवाल्या माणसालाही दिसेल एवढा तो फरक होता.  बाहेर बँडवाले वाजवायच्या आधी पिपाणी फुंकून पाहत होते. मी म्हणाले, तुम्हीच सांगत होता ना, कमी करायला येतो त्याला विचारू नये. मग आता विचारा. जानोशात जा अन् विचारा.

ते वळले. "उन्हाळा आहे, बेटा. लग्नाच्या धावपळीत माणूस उतरते."

"मनगट उतरते?"

"तुझ्या मागं दोघी आहेत," ते म्हणाले. अन् मग मला जन्मभर पुरलं असं एक वाक्य बोलले. "आरामात कर. घाई करशील तर पेच खराब होईल."

असं म्हणून ते गेले. मला इतका राग आला होता की रडूही येईना. पोरगी मरायला निघाली तरी ह्यांना पेचाची काळजी! आज मी त्या गाळ्यात त्यांच्याच जागेवर बसते, त्यांच्याच भिंगानं पाहते, पण तो राग गेला आहे असं मी म्हणणार नाही. ते घाबरले होते, मला कळतं. वऱ्हाड दारात, पंगतीचा भात चुलीवर, मागे दोन पोरी. कळतं सगळं. कळलं म्हणून राग जातो असं थोडंच आहे?

डबीत पाच पेचकस होते. मी सगळ्यात बारीक उचलला. तो ह्या चेनचा नव्हता. त्याला एक जोराचा हिसका दिला असता तर खाच गेली असती, पेच कायमचा अडकला असता, अन् नवरदेवाला खरंच रुसायला कारण मिळालं असतं. मोडलंही असतं लग्न. त्या काळी त्याहून फालतू गोष्टींवर मोडायची. मी ते टोक खाचेवर टेकवलं. अंगठा फिरवायचा होता फक्त. नाही फिरवता आला. मोडलेल्या लग्नाची पोरगी म्हणजे काय ते मी आमच्याच आळीत पाहिलं होतं, अन् खरं सांगायचं तर सतरंजीवरून वर झालेली ती मान अजून माझ्या डोळ्यांपुढे होती. मी बारीक पेचकस ठेवला, दुसऱ्या नंबरचा घेतला. तो खाचेत उभा राहिला. हळदीनं बोटं घसरत होती, हिरवा चुडा मध्ये येत होता, तरी दोन्ही कड्या ओरखडा न पडता निघाल्या. त्या मी पदराच्या टोकाला बांधल्या. आत्या घड्याळ घेऊन गेली, अन् थोड्याच वेळात बँड सुरू झाला.

कामठीच्या घरात पहिल्याच आठवड्यात सगळं उघडं पडलं. छातीचा रोग. सुया चालू होत्या, चांगला गुणही येत होता, पण लग्न ठरल्यावर सासूबाईंनी त्या बंद करवल्या. रोज दवाखान्याच्या रांगेत उभा दिसला असता तर पोरगी कोणी दिली असती? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी त्यांच्या तोंडावर बोलले, मूठ तुमची झाकली अन् माती माझी केली. त्या रडल्या. म्हणाल्या, लग्नानं बरा होईल असं वाटलं. आईचं मन. मी त्यांना माफ केलं नाही, पण त्यांच्या हातचं जेवले, दुसरं करते काय?

मी नवऱ्याला बसनं नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्यायला लागले. मध्ये सोडलेल्या सुया पुन्हा सुरू केल्या तर त्या लागू पडेनात. डॉक्टर चिडले, अन् माझ्यावरच चिडले, कारण समोर मीच होते. आमचे हे मात्र घरी कधी मोठ्यानं बोलत नसत. माझ्यासाठी बसस्टॉपवरून संत्री आणायचे अन् स्वतः सोलून द्यायचे, एकेक फोड, दोरे काढून. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते बाहेर पडेनासे झाले. कारखाना सुटला. घड्याळ मात्र ते रोज चावी देऊन घालायचे. ते कोपरापर्यंत वर सरकायचं तेव्हा मला सहन व्हायचं नाही, म्हणून मी माहेरून दोन नंबरचा पेचकस आणून ठेवला होता.

एका दुपारी ओसरीत त्यांच्या खाटेशी बसून मी चेनमधून कडी काढत होते. सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या. ते कुशीवर होऊन माझ्या हातांकडे पाहत होते.

"त्या दिवशी दोरा पाहून तुले समजलं नव्हतं काय?" त्यांनी विचारलं.

मी मान वर केली नाही. "समजलं होतं."

 ते हळू बोलले, मध्ये थांबत थांबत, खोकला येऊ नये म्हणून. "घरात माझं कोणी ऐकून नाही राहिलं होतं. मायनं शपथ घातली. मले वाटलं, ही चेनचं काम करते, इले दोरा धाडला तर ही समजून जाईल अन् नाही म्हणेल. जानोशात बसून मी वाट पाहत होतो. आता कोणी येईल अन् लग्न मोडलं म्हणून सांगेल."

"मग?"

"मग घड्याळ आलं," ते म्हणाले. "एकदम बरोबर बसलं."

त्यांनी हात पुढे करून ठेवला होता. एक कडी निघाली होती, अजून एक काढायची होती. मी ती काढली अन् घड्याळ त्यांच्या हातात घातलं.