इनासमामाची वायन

इनासमामाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका बिल्डरच्या मोटारीवर शहाळी फेकून मारत होता. पुढची काच गेली होती, आता दिव्यांवर काम चालू होतं. "जमीन इकायची नाय, हे तोंडानं सांगितलेलं समजत नाय," तो मला शांतपणे म्हणाला, "काच फुटली का बरोबर समजते." मग हात धुऊन त्याने मला जेवायला बसवलं.

शाळेतल्या माझ्या सहकाऱ्याचा, फिलिपचा, हा मामा. अर्नाळ्याच्या पुढे, वैतरणेच्या काठाला त्याची वाडी. नव्वदच्या दशकात मी विरारला नवा फ्लॅट घेतला होता. मे महिन्याची सुट्टी लागली की तिथला धुरळा सोडून मी मामाकडे पडीक असायचो. दुपारी जांभळीखाली खाटेवर लोळायचं, संध्याकाळी पाण्यात पाय सोडून मामाची वायन, म्हणजे घरी गाळलेली वाइन, घोट घोट घ्यायची. इतकं सुख मला तरी दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

फक्त मामाच्या हाताच्या टप्प्यात बसायचं नाही. त्याला राग आला की हात आधी चालायचा, तोंड नंतर. गडी असो, कुत्रा असो, नाहीतर चाळिशी उलटलेला धाकटा भाऊ सायमन असो. सायमनला तो चारचौघांत थोबाडीत ठेवून द्यायचा आणि जेवताना त्यालाच माशाची मोठी तुकडी वाढायचा. "मारनारा हाय म्हनून घर हाय," हे त्याचं तत्त्वज्ञान. सायमन गाल चोळत हसायचा. मला ते हसू कधी आवडलं नाही.

वायन जांभळाची, आणि तिला पाणी वाडीच्या टोकाला मामाच्या बापाने खणलेल्या विहिरीचंच. एरवी त्या विहिरीला कोणी हात लावायचा नाही. जूनच्या तोंडावर जांभळं उतरली की मामा तिथे जायचा, पहिल्या ओंजळीवर क्रूसाची खूण करायचा आणि ती प्यायचा. "खाडीच्या उशाला गोडं पानी. बापाची पुन्याई," म्हणायचा. बाकी वर्षभर बापाला शिव्याच द्यायचा.

त्या वर्षी माझ्यासमोरच त्याने ओंजळ तोंडात घेतली आणि थुंकली. पुन्हा घेतली, पुन्हा थुंकली. पाणी खारट झालं होतं. मग त्याला विहिरीच्या मागच्या अंगाने आत सोडलेला पाइप दिसला. केळीत झाकून ठेवलेला डिझेल पंप अजून गरम होता आणि कुंपणाबाहेर टँकर उभा होता. टँकरजवळ सायमन. मामा पहाटे चर्चला गेला की हा पाणी विकायचा, विरारच्या नव्या इमारतींना. म्हणजे माझ्यासारख्यांनाच. विहीर उपसली गेली आणि खालून खाडी आत शिरली.

मामा कोयता घेऊन धावला तो पाइपवर. "सायमन, बाजूला हो!" सायमनने तो पाइप हाताने का धरला, देव जाणे. वार बसला आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं केळीच्या पानांवर पडली. मामाने अंगातला सदरा काढून हात आवळून बांधला, भावाला उचलून त्याच टँकरच्या केबिनमध्ये घातलं. सबंध वाटेत तो ड्रायव्हरच्या पाठीत बुक्के घालत होता, "चालव! चालव!" मी सायमनचा हात वर धरून बसलो होतो. रक्त माझ्या कोपरापर्यंत ओघळलं होतं.

इस्पितळात पोलीस आला. मामाने दोन्ही हात पुढे केले. पण सायमन म्हणाला, "पंपाच्या पट्ट्यात हात गेला."

मामाने त्याच खारट पाण्याची वायन घातली. नाताळला सगळे जमलो तेव्हा सायमनचा ग्लास त्याने स्वतः भरला. सायमनने डाव्या हाताने तो उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला.

"कशी हाय?" मामाने विचारलं.

"ब्येस. बापाच्या टायमाला होती तशीच."

मामाने वायनची अख्खी बरणी उचलून अंगणात आपटली. "परत माझ्यासाठी खोटं बोलला!" तो ओरडला आणि स्वतःचा उजवा हात भिंतीवर आपटत सुटला. फिलिपने आणि मी ओढून धरेपर्यंत भिंत लाल झाली होती.

त्यानंतर त्याने कोणावर हात उगारला नाही. बिल्डरची माणसं यायची, मामा खाटेवर नुसता बसून राहायचा. बोलणी सायमन करायचा. अखेर वाडी विकली गेली. मामाने मुकाट्याने सही केली. माणसं गेल्यावर सायमन त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने गाल पुढे केला.

"दादा, मार ना," तो म्हणाला. "एकदा तरी मार."

मामाने मान खाली घातली.