बिनखिडकीची केबिन

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी आम्ही दोघंही इतके दमलेलो होतो, की तो दिवस साजरा करण्यापेक्षा झोपून काढावा असं दोघांचंही, एकमेकांना न सांगता, मत होतं. पण बंगळुरूला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने परस्पर सगळं ठरवून टाकलं. मुंबईहून निघणारं मोठं जहाज, तीन रात्री, गोव्यापर्यंत जाऊन परत. पैसे तिचे. "आजीलाही न्या, नाहीतर आई घराबाहेर पडणारच नाही," हेही तिचंच. माझ्याकडे एवढंच काम ठेवलं होतं. "बाबा, केबिन तुम्ही निवडा. तुम्हाला आवडतं ना तसलं."

आवडतं, हे खरं आहे. वसईत मी आजवर तीन फ्लॅट बदलले, आणि तेवढ्या भांडवलावर नात्यात आणि ऑफिसात घरांमधला जाणकार म्हणून माझं नाव झालं आहे. कुणाला फ्लॅट घ्यायचा असला की मला बरोबर नेतात. मी भिंतीवर बोटाची पेरं वाजवतो, बाथरूमचा नळ सोडून कान देतो, छताच्या कोपऱ्याकडे मान वर करून बराच वेळ बघत उभा राहतो. तिथे बहुतेक वेळा काही नसतं, पण बिल्डरचा माणूस अस्वस्थ होतो आणि आमची मंडळी खूश होतात. माझ्या स्वतःच्या तिन्ही फ्लॅटमध्ये गळती निघाली, हा विषय कुणी काढत नाही.

तर मी जहाजाचे सगळे मजले ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणले, जेवणाच्या टेबलावर पसरले आणि शनिवारी दुपारी लाल पेन घेऊन बसलो. खालचे मजले पहिल्या पाच मिनिटांत बाद. जुलैत गुडघाभर पाण्यातून ज्याने गॅसचा सिलिंडर काढून लॉफ्टवर चढवला आहे, तो माणूस पुन्हा तळमजल्याकडे बघत नाही, मग ते जहाज का असेना. सगळ्यात वरचा मजलाही बाद. स्लॅब तापतो आणि गळतो. उरले मधले. त्यातही लिफ्टजवळ, कारण माझ्या आईचा खुबा. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात माणूस असल्याशिवाय ती चालत नाही. शिवाय हवा-उजेड हवा, म्हणजे बाल्कनी आली. एवढं ठरल्यावर बुकिंगच्या फोनवरच्या मुलीला विचारलं, "केबिनचं दार कुठल्या दिशेला येतं? पूर्वेला असलं तर बरं."

तिने प्रश्न पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, "सर, जहाज वळतं ना."

"ते कळलं हो. पण निघताना?"

"निघताना तर ते रिव्हर्स घेतं, सर."

शेवटी तिनेच तोड काढली. शेजारी शेजारी दोन केबिनी, एकीत आम्ही दोघं, दुसरीत आई आणि मध्ये दार. "फॅमिली लोक हेच घेतात, सर." मला ते एकदम पटलं. दोन खोल्या आणि मध्ये दार, हे तर आमच्याच घराचं वर्णन झालं. दोन दिवस राखून ठेवते, म्हणाली.

रात्री जेवताना मी हे जाहीर केलं. आई म्हणाली, "म्हणजे हाक मारली की ऐकू जाईल. बरं केलंस."

"जाईल ना," बायको म्हणाली आणि माझ्या ताटात आमटी वाढली. मग ताटं उचलता उचलता म्हणाली, "पंचवीस वर्षांनी नवऱ्याने मधलं दार घेऊन दिलं. सगळ्यांना सांगते."

मी हे कौतुक समजलो. असं मी बऱ्याचदा समजतो.

माझी बायको सातिवलीला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर आहे. आमच्या सोसायटीत पहाटे पाऊण तास पाणी येतं तेव्हा ती उठते, आणि ओटा पुसून होतो तेव्हा झोपते. दिवसभर तिला बायकांवर ओरडावं लागतं, म्हणून घरी आवाज वाया घालवत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालताना ती जे बोलली ते इतकं हळू बोलली, की आधी मला ते चिमट्यांबद्दल वाटलं.

"अहो, मी नाही येत. तुम्ही आणि आई जाऊन या. मी घरी झोपते."

"म्हणजे काय? लग्नाचा वाढदिवस आपल्या दोघांचा आणि आईबरोबर मी जाऊ?"

"मला तीन दिवस झोपायचंय. दुसरं काही नको. ते तुमचं जहाज, बाल्कनी, समुद्र, सगळं चांगलं असेल. पण तिथेही मीच उठणार ना? मग इथे निदान अंथरूण ओळखीचं आहे. आणि तुम्ही दोघं गेलात तर हाकही नाही."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, तिची समजूत कशी काढायची ते मला पंचवीस वर्षांत येऊ लागलं आहे. हे नुसतं सांगणं होतं, कपडे वाळले की काढा म्हणून सांगावं तसं.

त्या दिवशी रविवार होता आणि रविवारी आम्ही पापडीहून केळी आणतो. तिथे ज्यांच्या वाडीतून आणतो त्या गृहस्थांना मी अंकल म्हणतो. सत्तरीचे असतील. अठ्ठावीस वर्षं ते परदेशी प्रवासी जहाजांवर होते. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, लोकांच्या घंटा ऐकायच्या. आता केळी लावतात आणि घंटा ऐकू येत नाही म्हणून खूश असतात. मी पिशवीतून माझे कागद काढले आणि विहिरीच्या काठावर पसरले. त्यांनी चष्मा घातला.

"ही लाल खूण तुम्ही केलीत? ह्याच्यावर काय आहे बघितलं?"

"वर? वरचा मजला."

"वर जेवणाचा हॉल आहे. पहाटे चारला खुर्च्या ओढतात. मीच ओढलेल्या आहेत, म्हणून सांगतो. आणि ही लिफ्ट. लिफ्टसमोर लोक उभे राहून गुडनाइट म्हणतात, ते अर्धा तास चालतं. मधलं दार तर बिस्किटासारखं असतं. पलीकडे कोणी कुशीवर वळलं तर इकडे कळतं."

माणसाची तीस वर्षांची विद्या तीन वाक्यांत गेली की बोलण्यासारखं फार उरत नाही.

"कुणासाठी घेताय?" त्यांनी विचारलं.

"आईसाठी. आणि बायकोसाठी. बायकोला झोपायचंय. फक्त झोपायचंय, म्हणते."

"ती उठते कशाने? आवाजाने की उजेडाने?"

"म्हणजे?"

"काही माणसं आवाजाने उठतात. काहींना आवाज चालतो, पण पडद्यातनं एवढासा उजेड आला की झालं. तुमच्या मिसेस कशाने उठतात?"

वसईतल्या निम्म्या इमारतींच्या पाण्याचा दाब मला तोंडपाठ आहे. हे मला माहीत नव्हतं. मी आठवून बघितलं. मी झोपायला जातो तेव्हा ती ओट्याशी असते आणि मी उठतो तेव्हाही ओट्याशीच असते. मधल्या वेळात ती झोपत असणार, असं मी धरून चाललो होतो. तिला झोपलेली मी शेवटची कधी पाहिली, हे काही केल्या आठवेना.

अंकलनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी कागद उलटेपालटे केले, मी पहिल्या पाच मिनिटांत बाद केलेला खालचा एक मजला काढला आणि बरोबर मध्यावर बोट ठेवलं. "ही. वर केबिन, खाली केबिन, दोन्ही बाजूंना केबिन. लाटांनी सगळ्यात कमी हलते. खिडकी नाही. दिवा घालवला की स्वतःचा हात दिसत नाही. सगळ्यात स्वस्त, म्हणून कुणी घेत नाही. जहाजावरच्या आम्हा लोकांना विचाराल तर झोपायला हीच."

बिनखिडकीच्या खोलीला आमच्याकडे अडगळीची खोली म्हणतात. मुलगी बाल्कनीचे पैसे भरत असताना बायकोला अडगळीच्या खोलीत घालायचं, हे तिला कसं सांगावं याचा विचार करत मी केळी घेऊन घरी आलो. सांगितलं एकदाचं. तिने कागद हातात घेतला.

"खिडकी अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"म्हणजे सकाळ झालेली कळणार नाही?"

"नाही कळणार."

"पाणी कितीला येतं तिथे?"

"चोवीस तास असतं गं."

"आतून कडी?"

"आहे."

"मग ही घ्या. मी एकटी." मग कागद खाली ठेवला. "पण आईंचं?"

"मी आहे ना. आई आणि मी वर, बाल्कनीच्या केबिनमध्ये."

बिल्डरच्या छताकडे मी जसा बघतो तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग बसली आणि मला समजावून सांगायला लागली. आई रात्री तीनदा उठते, कधी चारदा. मी समजत होतो, एकदाच उठते. "पहिली हाक हळू असते. ती ऐकली नाहीत तर त्या परत नाही मारत. त्यांना वाटतं, कशाला उठवा. मग स्वतःच उठायला बघतात आणि तेव्हाच पडतात. मागच्या वेळी मी माहेरी गेले होते, म्हणून पडल्या." हे ती पहिल्यांदाच बोलत होती. त्या रात्री घरात मी होतो. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, की फरशी ओली होती.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तू उठणार? तू भूकंपात उठला नाहीस. शेजारी येऊन दार वाजवून गेले." आणि मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, ॲनिव्हर्सरीला तुम्ही आजीबरोबर आणि आई वेगळ्या मजल्यावर? मी मैत्रिणींना काय सांगू?" मी म्हटलं, सांगू नकोस.

जहाजावरच्या पहिल्या रात्रीची हकीकत लांबवत नाही. पहिली हाक चुकेल या भीतीने मी परकराच्या दोन नाड्या एकमेकींना बांधल्या, एक टोक आईच्या मनगटाला आणि एक माझ्या. आई म्हणाली, "बैल बांधतोस का मला?" पण बांधू दिली. ती चारदा उठली. चौथ्या वेळी बाथरूमच्या दारात, माझा हात धरून, म्हणाली, "ती रोज एवढं करते?" मी हो म्हटलं. परत येऊन पडल्यावर तिला लवकर झोप लागली नाही. नाडी हलत होती.

सकाळी आम्ही दोघं बाल्कनीत बसलो. आईने बराच वेळ समुद्र बघितला आणि म्हणाली, "सगळीकडे सारखाच आहे रे." मी तिला चहा आणून दिला, तो तिने अर्धा ठेवला. वेणी घातली, ती एका बाजूला गेली. तिचं औषध, तिचे मोजे, तिचं पथ्याचं जेवण कुठे मिळतं ते शोधणं, यात बारा कधी वाजले कळलं नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. नऊ वाजल्यापासून ती दर अर्ध्या तासाने विचारत होती, "सूनबाई कुठे?"

"झोपलीय."

"अजून? बरी आहे ना? जाऊन बघ जरा."

शेवटी तिला जेवायला घालून, खुर्चीत नीट बसवून, उठायचं नाही म्हणून बजावून मी खाली गेलो. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं आणि दुपार असूनही दिवे. तिच्या दारावर उठवू नका असं लिहिलेलं कार्ड लटकत होतं. चादरी बदलणारा माणूस ढकलगाडी घेऊन आला, त्याला मी हातानेच पुढे जायला सांगितलं. मग दाराला कान लावला. काही ऐकू आलं नाही. वाजवावं की नाही हे ठरत नव्हतं, तेवढ्यात कडी निघाली. तिला कोणीतरी उभं असल्याचं कळलं असावं. ते तिला कुठेही कळतं.

गालावर उशीची घडी उमटली होती, केस मोकळे. ती माझ्याकडे ओळख पटवत असल्यासारखी बघत होती.

"किती वाजले?"

"एक."

"दुपारचा?"

"हो."

"आई?"

"जेवली. वेणी घातली तिची. गोळ्या दिल्या सकाळच्या."

"पडल्या नाहीत ना?"

"नाही. चारदा उठली. चारही वेळा मी होतो."

तिने जरा विचार केला. तिच्यामागे खोलीत पूर्ण काळोख होता, बोळातला दिवा चौकटीपाशीच थांबत होता.

"चहा आणू तुला?" मी विचारलं. "की वर येतेस? समुद्र छान दिसतोय."

"नको," ती म्हणाली आणि आत गेली. कडी लागली.

मी वर निघालो. आईची दुपारची गोळी द्यायची राहिली होती.