एवढंसं इंजन अन् नाल्याचा चढ

ये बाई, जरा जवळ सरक. फोनवर दोन शब्द बोलतीस अन् "आज्जी, नंतर लावते" म्हणून ठेवून देतीस. तुझं ते नंतर कोणत्या महिन्यात येतं ते मला अजून कळलं न्हाई. म्हणून हे लिहून काढलं. वाचताना समज की माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस, अन् मधीच उठायचं न्हाई. परवा तू तुझ्या आईला म्हणालीस म्हणं, की आज्जी गाडीत बसली की सारखी वास घेती, कान लावून बसती, लई हसू येतं. हस. पण ती सवय कशी लागली ते ऐकून मंग हस. गोष्ट तुझ्याच बारशाची हाय.

मला इंजनातलं काही कळत न्हाई असं तुझा मामा म्हणतो. तो पाळण्यात होता तवापासून मी इंजन ओळखते. ऐंशीच्या पुढची सालं असतील, आपल्या विहिरीवर डिझेलचं इंजन बसवलं. बैलगाडीतून उतरवायला चार गडी लागले अन् तरी एकाचा अंगठा चेचला. ते चालू करायचं म्हणजे आधी वरची कळ उचलायची, हँडलनं चाक गरगर फिरवायचं, अन् वेग धरला की कळ सोडायची. हात चुकला तर हँडल उलटून मनगट मोडतं. तुझे आजोबा गावाला गेले की हँडल मीच मारायचे. भसकन काळा धूर, अन् मंग ठक ठक ठक, घरी चुलीपाशी बसून ऐकू यायचं. आवाज थांबला की समजायचं, पट्टा उतरला न्हाईतर राखणारा झोपला. पुढं आजोबांनी जुनी जीप घेतली, तिचंही तसंच. ती वेशीत शिरली की मी तव्यावर भाकर टाकायचे. तर माझ्या मनात एक पक्कं बसल्तं. डिझेलचं इंजन जड असतं, ओरडतं अन् धूर टाकतं. जे यातलं काहीच करत न्हाई, त्यात काहीतरी काळंबेरं हाय.

अन् एका संध्याकाळी तुझा मामा दारात गाडी घेऊन उभा. बारकी, चकचकीत, बोनटला हार. जालन्याला बियाण्याच्या कंपनीत लागल्ता, नोकरी बरी चालून राह्यली होती, पण गाडी घेतोय असं घरात कुणाला म्हणला न्हाई. म्हणं डिझेलची हाय. मी म्हणलं, डिझेलची असती तर मला चुलीपाशी कळलं असतं, ही तर मांजरासारखी आली. मंग त्यानं समजावून सांगितलं, की नवीन इंजन निघालंय, पहिल्यापेक्षा बरंच लहान केलेलं, पण ताकद तेवढीच अन् तेल कमी पितं. शोरूमच्या टायवाल्या पोरानं सांगितलं होतं ते सगळं बराबर पाठ करून आल्ता.

मला एक अक्षर पटलं न्हाई. कमी खायचं अन् काम तेवढंच करायचं, असं जनावर मी पाह्यलं न्हाई, असा माणूस तर बिलकुल न्हाई. शिवाय मनात आणखी एक किडा होता, आता सांगते. गाडी माझ्यासाठी घेतली असं तो म्हणत होता, पण ती तुझ्या मामीला मिरवायला घेतली का, असंही मला वाटून राह्यलं होतं.

माझ्यासाठी का, ते ऐक. त्या वर्षी माझा मणका सरकला. डॉक्टरनं कमरेला पट्टा दिला अन् बजावून सांगितलं, एसटी न्हाई, जीप तर अजिबात न्हाई, आदळआपट झाली तर पाय जातील. अन् त्याच वर्षी तुझ्या आईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं बाई. माझ्यानं तांब्या उचलंना, तर बाळंतीण काय सांभाळणार? ते तीर्थपुरीलाच झालं, तुझ्या दुसऱ्या आज्जीनं केलं. चांगलं केलं, तिला कधी नाव ठेवणार न्हाई. पण तिकडच्या बायका तुझ्या आईला विचारायला लागल्या, तुझी माय जिवंत हाय ना? बारशाला तरी येईल ना? तुझी आई फोनवर हसून सांगायची अन् मधीच गप व्हायची. त्या गप होण्यानं मला रात रात झोप न्हाई. बारशाला मी गेलेच पाहिजे, एवढंच माझं होतं.

अन् जायचं कशात? तुझे आजोबा म्हणले, मी त्या डबड्यात बसणार न्हाई.

आता तू म्हणशील, मामाच्या गाडीत तू जायचं, आजोबा जीपमधी येतील. असं होत न्हाई. व्याह्याच्या दारात बाप एका गाडीतून उतरतो अन् पोरगा दुसरीतून, म्हणजे घर फुटलं हे दवंडी न पिटता कळतं. आधीच पोरानं शेत सोडून नोकरी धरली म्हणून दोघांचं बोलणं माझ्या तोंडून चालायचं. याला सांग, त्यांना सांग.

तुझे आजोबा सगळ्या गावाचे बैल पारखायचे. कुणाला बैल घ्यायचा असला की यांना बाजारात संगं न्यायचे. आधी दात बघायचे, मंग अंगावरची झूल काढायला लावायचे, कारण झुलीखाली खांद्याची जखम लपवतात. पोट चाचपायचे, कारण बाजाराच्या सकाळी मीठ चारून पाणी पाजून पोट फुगवतात. अन् शेवटी गाडीची चाकं दोरानं बांधून, वर माणसं बसवून चढावर ओढायला लावायचे. ओढलं तर बैल, न्हाईतर परत. अन् त्यांच्याच पोरानं त्यांना न विचारता दावणीला नवं जनावर आणून बांधलं. राग गाडीचा होता का याचा, ते तूच ठरव.

एके दिवशी जेवण झाल्यावर ते मला म्हणले, "त्याला सांग, बोनट उघड म्हणावं."

मामा समोरच बसल्ता. उठून उघडलं. आत बघतो तर वर काळं प्लास्टिकचं झाकण. आजोबा म्हणले, ही झूल काढ. मामानं हिसका दिला, झाकण निघालं. खाली नळ्या, वायरी, अन् मधी एवढंसं इंजन. आजोबांनी वाकून वास घेतला. चालू करायला लावलं, पान्याचं एक टोक इंजनाला अन् दुसरं कानाला लावून कितीतरी वेळ उभे राह्यले. मामा सांगायला लागला, की आबा, इंजन लहान हाय पण हे आत हवा दाबून भरतं, म्हणून जोर येतो. तिथंच चुकलं त्याचं. आजोबांनी माझ्याकडं बघितलं. मला बी तेच आठवलं, मीठपाण्यानं फुगवलेलं पोट.

"हवा भरून आणलंय," ते म्हणले. "चढावर उतरल सगळी."

नाल्याचा चढ तुला माहीत हाय, आता तिथं पूल झाला. तवा कच्चा होता, खडीचा, अन् मधी वळण. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी गाडी नाल्यात उतरवली. डिक्कीत सरकीपेंडीची पोती टाकली. मागं तुझे चुलत आजोबा, ते एकटेच दोन माणसांचे, त्यांच्या दोन्ही बाजूंनी शेजारचे दोघं. स्टेरिंगवर आजोबा स्वतः. मामा कडंला हात बांधून उभा, चेहरा परीक्षेला बसल्यावाणी. मी कमरेला पट्टा बांधून बाभळीखाली थांबले. पाय दुखून राह्यले होते पण बसवंना.

आजोबांनी जीप चालवतात तशी चालवली. दुसऱ्या गिअरात, सावकाश, ओढ बाई ओढ म्हणत. अर्ध्या चढावर गाडीनं गचका दिला अन् बंद. पुन्हा खाली आणली, पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी शेजारचा एकजण खिडकीतून डोकं काढून म्हणला, "आबा, बैल बसला. शेपटी पिरगाळा." सगळे हसले. तुझा मामा हसला न्हाई अन् बापाला कसं चालवायचं ते सांगितलंही न्हाई. सांगितलं असतं तर त्यांनी तिथंच किल्ली फेकली असती, हे त्याला बराबर माहीत होतं.

बारसं दोन दिवसांवर, अन् मला समोर दिसून राह्यलं, तुझी आई दाराकडं बघतीय अन् बायका तिच्याकडं.

पण कान खोटं बोलत न्हाई. मामा रोज संध्याकाळी याच चढानं घरी यायचा. संशयापायी मी रोज ऐकायचे, कधी अडकती ते. तो खाली सपाटीलाच गाडी पळवायचा, मंग तिचा आवाज बारीक व्हायचा, शीळ घातल्यासारखा, अन् तवा ती चढायची. हळू कधी येतच न्हवती. मी बाभळीखालून निघाले, हळूहळू खिडकीपाशी गेले.

"अहो, तुम्ही हिला लाल कंधारीवाणी हाकून राह्यले," मी म्हणलं. "हा खिल्लार हाय. चढाच्या आधी पळू द्या."

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं न्हाई कळत. तुमच्या संगं नांदून बैलातलं कळतं."

कंधारी बैल पाऊल पाऊल टाकत डोंगर ओढतो. खिल्लार हलका, त्याला पळण्यात जोर येतो, दाबून धरला की खाली बसतो. हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं होतं, त्यामुळं खोडायला जागा न्हवती. मागं चुलत आजोबा खोकले. आजोबा गाडी मागं घेत गेले, पार नाल्याच्या पल्याडच्या सपाटीपर्यंत. पायाखालची कळ दाबली. आवाज आधी जाड, मंग बारीक, मंग ती शीळ. अन् गाडी अशी सुटली, की चुलत आजोबांची टोपी मागच्या काचेवर. वळणावर खडी उडली. वर पोचली अन् तिथंच थांबली.

आजोबा उतरले अन् उताणे झाले, गाडीखाली डोकं घालून बघायला, काय गळालं का. काही गळालं न्हवतं. धोतर झटकत उठले.

"चढली," म्हणले. बस, एवढंच. बसतो म्हणले न्हाई.

बारशाच्या सकाळी मी उठले तर ते अंगणात जीप पुसून राह्यले होते. तुझा बाळंतविडा बांधलेलं गाठोडं घेऊन मी उंबऱ्यात उभी राह्यले. जीप पुसून झाली तसं त्यांनी तिच्या मागून जाडजूड नाडा काढला, गाडी ओढायचा, अन् मामाच्या गाडीच्या डिक्कीत नेऊन टाकला. मंग पुढचं दार उघडून बसले अन् काच खाली करून मला म्हणले, "जल्दी कर. अन् दोन येळच्या भाकरी घे संगं. कुठं थांबावं लागल सांगता येत न्हाई."

मी आधीच घेतल्या होत्या. भरवसा मला तरी कुठं होता!

जालना गेलं, अंबड गेलं. आजोबांनी गाडीतला टेप बंद करायला लावला, इंजन ऐकू येत न्हाई म्हणून. अंबडच्या पुढं एकदम जळका वास आला. मी म्हणलं, थांब. आजोबा म्हणले, थांब. मामानं गाडी बाजूला घेतली, बोनट उघडलं, तिघांनी आत डोकी घातली. आतून काही येत न्हवतं. तुझी मामी बी संगं आल्ती, ती बाहेर उभी राहून हळूच म्हणली, आई, तिकडं बघा. रस्त्यापल्याड उसाचं पाचट पेटवलेलं. आजोबांनी बोनट लावलं अन् म्हणले, तपासलेलं बरं असतं.

तीर्थपुरीला दारात गाडी लागली. तुझी आई कान बांधून ओसरीवर आल्ती. तिनं आधी जीप शोधली, रस्त्याकडं पार लांबवर. मंग या बारक्या गाडीत वाकून बघितलं, तर मी, अंग चोरून, ताठ बसलेली. ती म्हणली, "आई, तू यात बसून आलीस?" मी म्हणलं, "मंग काय खांद्यावर येणार होते?" तिनं हात देऊन मला उतरवलं. तुला माझ्या मांडीवर दिलं. तू तोंड वाकडं केलंस. त्या बायका बघून राह्यल्या होत्या, बघू दे म्हणलं.

बाहेर तुझे तीर्थपुरीचे आजोबा गाडीभोवती फिरून विचारत होते, काय व्याही, इंजन टिकल का हे? आपले आजोबा मामाकडं बघून म्हणले, "याला विचारा. हा चालवतो." इतक्या वर्षांत ते पोराविषयी कुणापुढं एवढं बोलले न्हवते.

ते इंजन पुढं टिकलं, पण आजोबांनी जीप काही विकली न्हाई, अन् मी अजून वास घेते. लहान इंजनाचं खरं-खोटं मला आजही ठरवता येत न्हाई बाई. ते असू दे. आता तू स्वतः गाडी चालवतीस म्हणं. तर येत्या रविवारीच ये, अन् आईला संगं आण. मला एकदा तुझ्या बाजूच्या सीटवर बसून, तू कशी हाकतीस ते बघायचंय.