न उकरलेली जागा

इतकी वर्षं झाली, पण कुदळीखाली पालथी पडलेली ती बाई आजही आठवते. निजाम सरकारच्या पोलिसात मी तेव्हा अमीन होतो, म्हणजे ठाण्याचा मुख्य. ठाणं चौसाळ्याच्या बाजूला होतं.

त्या पावसाळ्यात हद्दीतल्या एका गावची नदीकाठची आळी पुरात बसली. सरकारने हुकूम काढला की, घर गेलेल्यांना वरच्या माळावर जागा आणि छपरासाठी सरकारी जंगलातलं लाकूड फुकट द्यावं. मदत घराच्या मालकाला नाही, घरात राहणाऱ्याला, मग तो भाड्याने का राहत असेना. ज्याने हे लिहिलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं. फक्त राहणारा कोण हे ठरवायचं कसं, तेवढं लिहायला तो विसरला आणि ते आमच्या गळ्यात पडलं.

एके सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना त्या गावचे एक बडे घरमालक फिर्याद घेऊन आले. "माझ्या थोरल्याचं घर गेलं. त्याच्या नावानं मिळालेल्या सहा सरकारी तुळया एका धनगराच्या बायकोनं उचलून नेल्या." त्या घरात आपला मुलगा राहत होता, असं त्यांनी ठासून सांगितलं. फिर्याद नोंदवून मी दोन जवान घेऊन निघालो.

तुळया माळावर उघड्यावरच पडल्या होत्या आणि बाई त्यांच्यावर बसली होती. चोरीच्या मालावर असं बसून राहणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. तरी दरडावलं, "कावून उचलल्या गं?"

"माज्या घरच्या हायत, सायेब. सात वर्सं ऱ्हायले मी तिथं. भाडं म्हून मालकाच्या गोठ्यात राबले."

नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. कागद नाही, पावती नाही. आळीतली सगळी कुळं त्याच मालकाच्या घरांत राहणारी, त्यामुळे ज्याला विचारावं तो म्हणे, "आमाला काय ठावं न्हाई." चोरी शाबित झाली असती तर बाई तुरुंगात गेली असती, जागा आणि लाकूड मालकाच्या घशात गेलं असतं, आणि तिची तीन लेकरं थंडीत उघड्यावर पडली असती. मला सगळं दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. भारी राग येत होता.

विहिरीपाशी गावच्या सुईणीने मला थांबवलं. इकडंतिकडं बघत म्हणाली, "तिची तिन्ही बाळंतपणं त्याच घरात म्या केली. पर मला साक्षीला वढू नगा सायेब, मीबी त्याच्याच घरात ऱ्हाते."

झालं! मला वाटलं, सापडलं. आमच्या भागात बाळामागून नाळेसकट पडणारी वार मडक्यात घालून, हळदकुंकू वाहून घरातच न्हाणीपाशी पुरतात. मी मालकांना सहज विचारल्यासारखं केलं, "सूनबाईंचं बाळंतपण त्याच घरात झालं असेल?"

"तर! नातू तिथंच झाला. एकच हाय."

म्हणजे मालकाचं खरं असेल तर जमिनीत एक मडकं, बाईचं खरं असेल तर तीन. माझ्या हुशारीवर मीच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन पडक्या घरात न्हाणीपाशी उभा राहिलो. मालक सुनेला साक्षीला घेऊन आले होते. कुदळही त्यांनीच पुढे केली. "खुशाल उकरा. पुरानं काय ठिवलंय तिथं?"

जवानाने पहिला घाव घातला, एक ढेकूळ उचकटलं. दुसऱ्यासाठी कुदळ वर गेली तोच बाई धावत येऊन त्या जागेवर पालथी पडली. जवानाने हात आवरला म्हणून, नाहीतर तिच्या पाठीतच बसायची.

"घर नगं मला! तुळया घ्या, मला तुरुंगात घाला, पर वारेची मडकी उकरू नगा. लेकरांच्या जिवावर येतंय!"

मी भडकलो. "अगं, येडी का काय तू? त्यातच तुझा पुरावा आहे!"

"पुरावा तुमाला पायजे, सायेब. लेकरं माजी हायत."

मी मान वळवली तर मालकाची सून दिसली. ती त्या बाईकडे एकटक बघत होती आणि पदराचं टोक तिने दातात धरलं होतं. मी विचारलं, "ताई, तुमच्या लेकराची वारही इथंच ना? मग तुम्ही का नाही अडवलंत?"

मालक मध्येच ओरडले, "तिला काय विचारता?"

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करून हळूच म्हणाली, "माजं लेकरू माहेरी झालं, सायेब. लिंबागणेशला. ह्या घरात मी एक रात बी ऱ्हायली न्हाई."

बाकीचं सोपं होतं. सून बोलली म्हटल्यावर सुईण बोलली आणि मग आळीलाही कंठ फुटला. खोटी फिर्याद मालकांच्या अंगाशी आली. वरच्या साहेबांनी नंतर विचारलंच, जागा उकरून खात्री का केली नाही? मी लिहिलं, गरज उरली नाही.

खरं तर एवढंच लिहून भागत नव्हतं. पुरावा हाती लागला की आपण कुणाच्या काळजावर कुदळ घालतोय हे बघायचं भान सुटतं, आणि त्या दिवशी माझं सुटलं होतं. सुनेला त्या घरी परत नांदायचं होतं, तरी ती बोलली. मला कसली भीती होती? नुसती घाई होती. पुढे नोकरीभर जमीन उकरायची वेळ आली की आधी मी आजूबाजूला उभ्या माणसांची तोंडं बघत असे.

त्या दिवशी पडक्या घरातून पंच निघाल्यावर मी बाईला म्हणालो, "ऊठ. जागा तुझी, लाकूड तुझं. तुझ्यावर गुन्हा नाही."

ती उठली, पण तुळयांबद्दल एक शब्द नाही. उचकटलेल्या ढेकळाकडे बोट करून म्हणाली, "आता हितं कुणी उकरणार न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणालो. जवान बघत होते, तरी खाली बसलो आणि ते ढेकूळ माझ्या हाताने परत जागेवर दाबून बसवलं.