हजेरीतलं तिसरं नाव

शाळेत खडू संपतात, डस्टर हरवतात, किस्से मात्र साठतच जातात. एकानं सांगायला सुरुवात केली की दुसरा "माझं ऐका की आधी!" म्हणून पुढं सरकतो. त्यात मी जात्याच संशयी. नवरा म्हणतो, "तू मास्तरीण कसली, पोलिसात जायला पायजे होतीस!" म्हणून आधीच सांगते, या किश्श्यांत मीही सुटलेली नाही.

*

यंदा आमच्या सोलापूरच्या शाळेत एक पीएचडीवाल्या मॅडम आल्या. विषय असा की, वर्गात नाना समाजांची मुलं असतात. त्यांच्या घरी कुणी वारलं तर शिक्षक काय करतात, तिथल्या रीती त्यांना ठाऊक असतात का. प्रत्येकाच्या हातात एकेक फॉर्म दिला. "नाव लिहायची गरज नाही," म्हणाल्या.

झालं! नाव नको म्हणजे नक्कीच वरून चौकशी लागलीय, असं स्टाफरूममध्ये ठरलं. खरं लिहायला कुणी धजेना. शेवटी मी भरलेला फॉर्म टेबलाटेबलावर फिरला आणि सगळ्यांनी तो उतरवून काढला.

दोन दिवसांनी मॅडम हसू दाबत आल्या. "दुःखाचा अनुभव लिहा, या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर दिलंय. 'माझे सासरे वारले तेव्हा...'"

त्यात आमचे जाधव सर पण होते. त्यांचं लग्न अजून जमायचंय!

*

जाधव सरांचंच आणखी एक. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा गेले. घर बौद्ध. सर भेटायला गेले, हात जोडले आणि म्हणाले, "तेरावा कधी आहे? मी येतो."

घरातले एकमेकांकडं बघायला लागले. सरांना वाटलं, आपल्याला बोलवायचं नाही दिसतंय. त्यांनी जरा चढ्या आवाजात परत विचारलं.

तेव्हा मुलाची आजी बोलली, "सर, आमच्यात तेरावा नसतोय, पुण्यानुमोदन असतंय. जरूर या. फकस्त कावळ्याची वाट बघू नका!"

*

आता माझ्या वर्गातली शाहीन. सहावीतली, लई बडबडी. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर कामाला होते. छातीत कळ आली आणि गेले. काही दिवसांनी पोरगी शाळेत आली तेव्हा तिच्याकडं बघवेना मला.

हजेरीत आम्ही आडनाव, मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव अशी तिन्ही नावं पुकारतो. म्हटलं, रोज सकाळी लेकराच्या जखमेवर मीठ कशाला? तिच्यापुरतं तिसरं नाव गाळलं. नुसतं 'शेख शाहीन' म्हणायचं आणि पुढं जायचं. मॅडमना मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्यांनीही वहीत लिहून घेतलं.

चारच दिवसांत शाहीन शाळेत यायची बंद झाली.

*

हेडसर तिच्या घरी जाऊन आले ते तणतणतच. "आई समोर येत नाही. पडद्याआडून नुसतं 'पाठवते' म्हणते. काहीतरी काळंबेरं आहे!" दुसऱ्या दिवशी जाधव सरांना साक्षीदार म्हणून घेऊन गेले. या खेपेला पडद्याआडून आवाजही आला नाही.

शेवटी आमचे शिपाई रफिकमामा पुढं झाले. "सर, बाई इद्दतीत हाय. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येत न्हाईत. तुमी सारा स्टाफ नेला तरी ती भायेर यायची न्हाय. बाईमाणसाला पाठवा की!"

*

मग मी आणि मॅडम गेलो. पोरीचं लग्न ठरवलं असणार, असं मी वाटेतच मॅडमना सांगून ठेवलं होतं. आत गेल्यावर कोपऱ्यात टॉवेलांची चळत दिसली आणि माझा संशय तिकडं वळला. पोरीला कामाला जुंपलंय! बसायच्या आत मी तसं तोंडावर विचारलं.

"टॉवेलच्या कडा मी शिवती," आई म्हणाली. "तिला हातबी लावू देत न्हाय. रोज म्हणती, शाळेत जा. पर ती तुमच्यावर रुसलीय."

"माझ्यावर?"

"घरात त्यांचं नाव निघालं की सासू ऊर बडवून रडती. म्हणून आमी कुणी नावच घेत न्हाय. पोरगी म्हणायची, शाळेत तरी टीचर रोज अब्बूचं नाव घेतात. आता टीचरनंबी पुसून टाकलं, म्हणती."

मॅडमची वही मांडीवर तशीच मिटलेली राहिली. मला तर तिथंच रडू फुटलं. शाहीन दाराशी आमच्याकडं पाठ करून उभी होती. तिला म्हटलं, "चुकलं माझं. उद्या येशील?"

ती तशीच बाहेर निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी हजेरीला बसले. मान वर करून बाकांकडं बघायचं धाडसच होईना. तेविसावा नंबर आला.

"शेख शाहीन मकबूल!"

"हजर, टीचर!"

मी घाईघाईनं चोविसाव्या नंबरवर बोट ठेवलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून परत तिचाच आवाज आला.

"टीचर, अजून एकदा घ्या की."