साहेबाच्या इंजिनाला मामांचा पत्रा

जोयड्यापासून उळवीपर्यंत माझ्या मामांइतका निर्लज्ज माणूस दुसरा झाला नाही, हे मी जाहीरपणे लिहितो. नंदिगड्ड्यात ते पत्र्याचं काम करत, आणि फुटकी वस्तू दिसली की माणसं विसरत. मयताच्या घरीसुद्धा आधी तिथल्या घागरीला टिचकी मारणार, कान लावणार, मग रडणार. माझ्या लग्नाची बोलणी चालली असता त्यांनी मुलीकडचा कंदील खोलला, "डाख कच्चा हाय, सांधा सुटंल," म्हणाले, आणि सोयरीक तिथेच मोडली.

पण मोटारीच्या वेळी त्यांनी कहर केला. जंगलखात्याच्या एका साहेबाची मोटार आमच्या गावात बंद पडली. तिच्यात पाणी घालत नसत. पंख्याचा वाराच इंजिन थंड ठेवी. इंजिन तापतं म्हणून ड्रायव्हरने त्याभोवतीचं पत्र्याचं आवरण उपटून काढलं, तर इंजिन दुप्पट तापलं. साहेबाने मुक्काम ठोकला आणि ऐन भातकापणीत आठ गडी बिट्टीला, म्हणजे फुकट वेठीला, धरले. कोंबड्या नि दूध वेगळंच! मी तडक पत्रक लिहिलं: 'बंधूंनो, जुलमाच्या मोटारीला हात लावू नका!' त्यावर पहिला अंगठा मामांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मामा मोटारीच्या तोंडात कंबरेपर्यंत शिरलेले! फाटक्या पत्र्याला ठिगळ लावून ते रिबिटं ठोकत होते.

"मामा, अंगठा दिलात ना?"

"दिला की. आरडू नको, ठोका ऐकू दे."

"अहो, तापलेलं इंजिन झाकताय?"

"शेताला पाणी पाटानंच नेतोस न्हवं? वाऱ्यालाबी पाट लागतो. मोकळा सोडलास तर जाईल रानभर."

"आणि तो जुलमी साहेब?"

"तूच म्हणतोस, साहेब जावा. जाईल कशात? तुझ्या कागदावर बसून?"

वेठीचे गडी खदखदून हसले.

दुपारी मोटार निघाली. आठही गडी विळे घेऊन शेताकडे पळाले. मामा मात्र वळणापलीकडे आवाज विरेपर्यंत रस्त्यात उभे.

"परत येईल का रे?" त्यांनी विचारलं.

साहेबाची मोटार, परत! मी संतापून म्हणालो, "तुमचं रिबिट सुटलं तर येईल."

"मग न्हाई येत," मामा म्हणाले, आणि हातोडी काखेत मारून इतक्या सावकाश घराकडे वळले, की माझ्या ओठांवर आलेली शिवी तिथेच राहिली.